एकदाच विचारणाऱ्या देशात

अमेरिकेहून परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "नायगारा कसा वाटला?" नायगारा मी पाहिलेला नाही. सुरुवातीला मी कारणं द्यायचो: पाय सुजले होते, भाचीला सुट्टी नव्हती, थंडी फार होती. मग कंटाळा आला. आता "छान आहे, पाणी भरपूर आहे," एवढं सांगून मोकळा होतो. अडतीस वर्षं जाहिराती लिहिलेल्या माणसाला न पाहिलेल्या वस्तूची स्तुती करायला कष्ट पडत नाहीत.

मी तिथं खरोखर काय पाहिलं ते मात्र कुणी विचारत नाही, म्हणून लिहितो आहे. एका कोठाराची भिंत, एक थकलेली जाहिरात संस्था, आणि चकल्यांचा एक वाडगा. त्यातलं घ्या, असं मला एकदाच म्हटलं गेलं.

आयसेलिन

माझी बहीण सुधाताई आणि तिचे डॉक्टर यजमान न्यू जर्सीत आयसेलिनला राहतात. तिथल्या ओक ट्री रोडवर उभं राहिलं की अमेरिकेत आल्याचं सुख होत नाही आणि दुःखही होत नाही. साड्या, सोनं, मेथीच्या जुड्या, पाणीपुरी. पहिल्याच दिवशी मी एका दुकानात घोटून पाठ केलेल्या इंग्रजीत कोथिंबिरीची चौकशी केली. शेजारच्या काकू मान न वळवता म्हणाल्या, "तुमच्या मागेच आहे. कधी आलात?"

पहिला आठवडा झोपेशी भांडण्यात गेला. दुपारी जेवताना डोळा लागायचा. एकदा चष्मा वरणात पडला, आणि ताईनं तो डावानं काढून धुऊन दिला. मला तर तेवढंच बरं वाटलं. थकलेल्या माणसाला करमणूक नको असते, चष्मा हवा असतो.

रेवा ही ताईची मुलगी. वय एक्केचाळीस, जन्म अमेरिकेतलाच. मराठी सगळं समजतं, बोलताना निम्मं इंग्रजी. पेन्सिल्व्हेनियात, दीड तासावर, शंभर वर्षांच्या एका जुन्या जाहिरात संस्थेत ती कल्पना काढणाऱ्यांची प्रमुख आहे. रविवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसली.

"मामा, बुधवारी तू फ्री आहेस?"

"मी नऊ वर्षं फ्री आहे."

"आमची एक पिच आहे. आय नीड यू इन द रूम."

पिच म्हणजे काय ते मला सांगायला नको होतं. आपण कल्पना मांडायच्या, गिऱ्हाइकानं पाणी प्यायचं आणि "कळवतो" म्हणायचं. गिऱ्हाईक म्हणजे प्रेट्झल, म्हणजे गाठ मारलेली खारी बिस्किटं, बनवणारी चार पिढ्यांची एक घरगुती कंपनी. ती आता चकली विकायला काढणार होती, आपल्या लोकांनाच नव्हे तर साऱ्या अमेरिकेला. रेवाच्या संस्थेकडचं शेवटचं मोठं गिऱ्हाईक उन्हाळ्यात सुटलं होतं. हे काम मिळालं तर संस्था चालणार. नाही मिळालं तर न्यूयॉर्कची मालक कंपनी ही जागा वर्षअखेरीस बंद करणार. आत अकरा माणसं उरली होती, आणि त्यांत बारावा व्हायला रेवानं मला बोलावलं होतं.

"मी करायचं काय पण?"

"काही नाही. बसायचं. चकली खायची. खूश दिसायचं. ते लोक बघतील की, यू नो, खरा माणूस खातोय."

"भाषण?"

"नो भाषण. मामा, प्लीज."

बसणं, खाणं, खूश दिसणं. यांतली पहिली दोन मी जन्मभर बिनतक्रार केली आहेत.

कोट-पँट नव्हती, म्हणून दोन्ही दिवस डॉक्टरांची घातली. डॉक्टर माझ्यापेक्षा वीतभर उंच. बाह्यांतून माझी फक्त नखं बाहेर येत होती. ताई म्हणाली, "जरा आत दुमड. तिथं कोण बघतंय?" सगळ्यांनी बघितलं.

रस्त्यात, मंगळवार

पिचच्या आदल्या दिवशी रेवा मला संस्था दाखवायला घेऊन निघाली. गाडी हायवेवरून उतरून एका लहान रस्त्याला लागली. टेकड्या तांबूस झाल्या होत्या, मक्याची कापलेली खोडं शेतात उभी होती. एका वळणावर तिनं गाडी थांबवली.

समोर बार्न होतं. बार्न म्हणजे आपला गोठा आणि कोठार यांचा दुमजली एकत्र संसार. रस्त्याकडच्या भिंतीवर पुरुषभर उंचीची अक्षरं होती, पण इतकी विटलेली, की डोळे बारीक केले तरच दिसायची. कुठल्याशा बेकिंग पावडरीची जाहिरात.

"ही आमची पहिली ॲड," रेवा म्हणाली. "आमचा फाउंडर रंगारी होता. शिडी घेऊन फिरायचा. फार्मरला म्हणायचा, तुझं अख्खं बार्न मी फ्री रंगवून देतो, फक्त रस्त्याकडची भिंत माझी."

"आणि शेतकरी कबूल व्हायचे?"

"त्यांना रंग हवा होता ना. लाकूड कुजत नाही. हे बार्न त्या रंगामुळंच उभं आहे म्हणतात."

मी बराच वेळ बघत राहिलो. माझ्या जाहिराती मुंबईहून इंग्रजीत यायच्या आणि मी त्या पुण्यात बसून मराठीत उतरवायचो. केसांचं तेल, पाण्याचे पंप, बियाणं. ज्या कागदावर त्या छापून यायच्या त्यात दुसऱ्या दिवशी कुणीतरी शेंगदाणे बांधून द्यायचं. माझ्यामुळे कुणाचं लाकूड वाचल्याचं ऐकिवात नाही. या उदास विचारात मी फोटो काढायला मागे मागे सरकत गेलो आणि भोपळ्याच्या वेलीत बसलो, मग उठताना गुडघ्यांवर आलो. भोपळा वाचला. डॉक्टरांची पँट वाचली नाही.

संस्था एका जुन्या मोज्यांच्या कारखान्यात होती. लाल विटा, उंच दार, आणि दारातून आत शिरताच कमानीला टांगलेली नारळाएवढी पितळी घंटा.

आता यात माझा काय दोष? घंटा दिसली की हात वर जातो. सत्तरीला आलेला हात, तो काही विचारून जात नाही. मी वाजवली. नुसती नाही, दोनदा वाजवली, आणि डोळेही मिटले.

डोळे उघडले तेव्हा सगळी दारं उघडी होती. माणसं धावत बाहेर आली होती. एकानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. एकीनं दुसरीला मिठी मारली होती. रेवाचा चेहरा मी वर्णन करणार नाही.

"काय मिळालं? कोण जिंकलं?" मागून एक वृद्ध बाई विचारत आली.

"कुणी नाही," रेवा म्हणाली. "हा माझा मामा आहे."

टाळ्या हळूहळू थांबल्या. ती घंटा नवं काम मिळालं तरच वाजवायची, असा तिथला रिवाज होता, आणि गेली दोन वर्षं ती वाजली नव्हती.

ती वृद्ध बाई म्हणजे डॉटी. पांढरे केस, पायात धावायचे बूट. विसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून आली आणि चौपन्न वर्षं गेलीच नाही. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "बरं झालं. मला वाटत होतं हिचा आवाज गेला." आणि घंटेची गोष्ट सांगितली. त्या पहिल्या बार्नवर रंगारी शिडीवर चढला की त्याला जेवायची हाक ऐकू जात नसे. म्हणून शेतकऱ्याच्या बायकोनं त्याच्यासाठी ही घंटा लावली. काम संपल्यावर तिनं ती त्यालाच देऊन टाकली. म्हणजे शंभर वर्षं मोठमोठ्या गिऱ्हाइकांच्या नावानं जी वाजली, ती मुळात "चला, पान वाढलंय" एवढंच सांगणारी घंटा होती.

डॉटीनं मला भिंतीवरचा इतिहास दाखवला. रेडिओच्या काळातली गाणी, साबण कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मालिका, टीव्हीवरचा पहिला फ्रिज. थेट प्रक्षेपणात त्याचं दार उघडेना, तेव्हा बिचाऱ्या नटीनं तीन मिनिटं नुसत्या दाराचं कौतुक केलं. शेवटच्या भिंतीवर मात्र चौकटी नव्हत्या, नुसते खिळे होते.

"हल्लीच्या कामाला चौकट कशी लावू?" डॉटी म्हणाली. "ते फोनवर सहा सेकंद असतं."

आमच्या काळी जाहिरात पडली हे कळायला सहा महिने लागायचे. इथं पडद्यावर आकडे हलत होते. जेवणाआधीच कळत होतं.

जेवणाचं आठवलं म्हणून सांगतो. एक वाजता सगळे आपापल्या टेबलाशी आपापलं सँडविच खाऊ लागले. रेवा कसल्याशा मीटिंगमध्ये अडकली होती. डॉटीनं आपलं अर्धं सँडविच माझ्यापुढं केलं. "हवंय?"

"नो, नो," मी म्हटलं.

ते अर्धं परत कागदात गेलं, कागद डब्यात गेला, डबा खणात गेला. मी खणाकडे बघत राहिलो. संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. शहाणा माणूस इथंच शिकला असता.

बुधवार

गिऱ्हाइकाकडून दोघं आले. मालक हॅल, गोरापान, आडवा, हसरा. आणि त्याच्याबरोबर ग्रेस नावाची तरुण बाई, जी सतत काही लिहीत होती. मागे खुर्चीवर डॉटी, पाण्याच्या बाटल्या सांभाळत.

रेवा उभी राहिली. मी तिला लहानपणापासून ओळखतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असं वाटलं. तिची कल्पना साधी होती. एका रस्त्यावरची घरं. पहिल्या घरातून शेजारी चकलीची ताटली जाते. ताटली रिकामी परत पाठवायची नसते, म्हणून तिच्यातून ॲपल पाय, म्हणजे सफरचंद भरलेला गोड पदार्थ, येतो. मग ती पुढच्या घरी जाते, तिथून आणखी काही. सबंध गल्लीभर फिरते, आणि एकदाही रिकामी नसते. "माझी आई अजून हे करते," ती म्हणाली. "आमच्या पोलिश शेजारणीला आता चकली कडक झाली की मऊ पडली ते कळतं."

हॅल पुढे सरकून बसला होता. ग्रेसची लेखणी थांबली होती. जाहिरातीच्या धंद्यात लेखणी थांबणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. मिळालं होतं ते काम. निदान त्या मिनिटाला मिळालं होतं.

मग हॅलनं स्वतः पाकीट फोडलं, चकल्या वाडग्यात ओतल्या, उठला, आणि टेबलाला वळसा घालून थेट माझ्यापाशी आला. "आधी आमच्या पाहुण्यांना," तो म्हणाला, आणि वाडगा माझ्या नाकाखाली धरला.

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. पाहुणा म्हटलं, वाडगा पुढं केला, आणि मी...

"नो, नो, थँक यू," मी म्हणालो.

आणि हसून थांबलो, आग्रहासाठी.

वाडगा गेला. इतक्या सभ्यपणे गेला, की माझा हात त्याच्यामागे वीतभर गेला तेव्हा मला कळलं. तो हात मी चष्म्याकडे वळवला. बाही चष्म्यावर पडली आणि काही क्षण मला दिसेनासं झालं. दिसू लागलं तेव्हा ग्रेस लिहीत होती.

भाषण करायचं नाही हे मला आठवत होतं, पण माणूस बुडताना पोहू नये असं थोडंच ठरवतो? मी उभा राहिलो. सांगितलं की आमच्याकडे पहिल्या नकारात संस्कार असतो, दुसऱ्यात संकोच, आणि तिसऱ्यांदा विचारलं की वाटी आपोआप पुढं येते. विचारणाऱ्यानं थांबायचं नसतं. सांगता सांगता माझ्या चुलतभावाच्या लग्नातल्या जिलब्यांपर्यंत गेलो.

"म्हणजे," ग्रेस सावकाश म्हणाली, "माणूस नाही म्हणाला तरी पुढं करत राहायचं?"

"हो! तेच!"

"आमच्याकडे दर वर्षी याच विषयावर सगळ्यांना एक ट्रेनिंग असतं," ती म्हणाली. "उलट्या बाजूनं. नाही म्हणजे नाही."

हॅल हसला, पण पहिल्यासारखा नाही. चांगला माणूस. त्यानं वाडगा परत आणला. मी एक चकली घेतली, सगळ्यांसमोर मोडली, खाल्ली. खुसखुशीत होती, ओवा नीट लागत होता. अमेरिकेतल्या कारखान्यात हे जमवलं म्हणजे कमाल होती.

"कशी आहे?" हॅलनं विचारलं. "अगदी खरं सांगा."

आता मी पुण्यात सदाशिव पेठेत वाढलो. आमच्या घरात लग्न ठरताना मुलीबद्दल, स्वर्गीय गाणं ऐकून आल्यावर गायकाबद्दल, आणि पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोराबद्दल जी सर्वोच्च पदवी दिली जाई, तीच मी दिली. "बरी आहे" हे मी इंग्रजीत म्हटलं.

"इट इज ऑलराइट."

रेवानं डोळे मिटले.

परतताना ती गाडी चालवत होती आणि मी भोपळ्याचे डाग असलेल्या गुडघ्यांकडे बघत होतो. बार्न मागे गेलं तेव्हा मी विचारलं, "रागावलीस?"

"नो, मामा. आय ॲम फाइन."

बरं वाटलं. मी डोळे मिटले, आणि आयसेलिन येईपर्यंत झोपलो.

पुन्हा आयसेलिन

सोमवारी फोन आला. रेवा घरूनच काम करत होती. अंगणाच्या पायऱ्यांवर बसून तिनं तो घेतला, आणि आत येऊन फ्रिज उघडून उगाच आत बघत उभी राहिली.

"दे वेंट विथ समवन एल्स."

"माझ्यामुळे."

"नाही. त्या दुसऱ्यांनी दहा दिवसांत चाळीस फिल्म्स बनवून दाखवल्या, सगळ्या कॉम्प्युटरनं. मामा, इट्स नॉट अबाउट यू."

या वाक्यानं माणसाचं सांत्वन आणि अपमान एकाच वेळी होतो. खरं सांगायचं तर मला माझ्यामुळेच हरलो असतो तर परवडलं असतं. चकलीनं हरवलं म्हटलं की निदान कुणीतरी कुणाकडे तरी बघत होतं असं होतं. चाळीस फिल्म्सपुढं माझा नकार काय आणि रेवाची ताटली काय, दोन्ही सारखीच हलकी.

ताईनं मात्र दिलासाबिलासा दिला नाही. "घरात डबे चाटून पुसून ठेवतोस, आणि तिथं एक चकली तोंडात घालवली नाही तुला?" ती म्हणाली. मग पुढचे दोन दिवस सोऱ्या घेऊन तिनं स्वतः चकल्या पाडल्या. तिचं दुःख करणं ते असंच. डॉक्टर आणि मी निमूट तळत होतो.

त्यांतला एक डबा घेऊन मी रेवाबरोबर संस्थेत गेलो, माफी मागायला. कुणाची मागावी ते कळेना, म्हणून डॉटीपुढं डबा धरला.

"येस, प्लीज," म्हणून तिनं तीन घेतल्या.

खोक्यांत चौकटी भरणं चालू होतं. खिळ्यांची भिंत तेवढी होती तशी होती, तिथून काढण्यासारखं काही नव्हतंच. डॉटी स्टुलावर चढली. मी तिला धरू की नको या विचारात असताना ती घंटा काढून उतरलीसुद्धा.

"ही तुम्ही न्या," ती म्हणाली.

"नो, नो!"

डॉटीनं एक बोट वर केलं. "वन." आणि घंटा पुन्हा पुढं केली. "न्या."

"छे, ही तर संस्थेची..."

"टू," डॉटी म्हणाली. त्या दिवशी मागच्या खुर्चीवरून तिनं माझं भाषण जिलब्यांसकट ऐकलं होतं. "आता तिसऱ्यांदा विचारते. हिला शेवटचं वाजवणारे तुम्ही. उगाच वाजवलीत, पण वाजवलीत. न्या."

माझे दोन्ही हात आपोआप पुढं झाले. बाह्या आड आल्या नाहीत, स्वेटर माझा होता.

निघताना

रेवाच मला विमानतळावर सोडायला आली. घंटा दोन पायजम्यांत गुंडाळून बॅगेत होती, तरी रस्त्यात खड्डा आला की मागून बारीक आवाज यायचा. अमेरिकेतही खड्डे असतात, हे परतल्यावर लोकांना सांगायला बरं वाटतं.

"पुढं काय करणार?" मी विचारलं.

"बघू. फ्रीलान्स वगैरे. आय विल बी फाइन."

मला आमची पुण्याची संस्था आठवली. ती बंद झाली तेव्हा सगळ्यांनी मला "ठीक ना?" म्हणून विचारलं, मी "ठीक" म्हटलं, आणि ते आपापल्या बसला गेले. त्यात पुण्याचं अमेरिकेपेक्षा काही वेगळं नव्हतं. बायकोनं तेवढं पुन्हा पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. ती जाऊनही आता चार वर्षं झाली.

"रेवा, थोडे दिवस पुण्याला ये," मी म्हटलं. "घर मोकळंच आहे. नुसती झोपा काढ."

"नको मामा. इथे खूप काही आवरायचंय."

मी बरं म्हणालो. वय झालं की नकार पटकन पटतो, आणि बॅगेचं वजनही डोक्यात होतं. विमानांच्या पाट्या येऊ लागल्या. तिनं लेन बदलली. मागं घंटा एकदा किणकिणली.

"मामा," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "तू एकदाच विचारलंस."